फोटो वीस ते पन्नास केबीतच का?

ऑनलाइन अर्जात सगळ्यात आधी माणसाचा अंत पाहतो तो फोटो. मोबाइलवर काढलेला फोटो सहज दोन-तीन एमबीचा असतो आणि अर्जाला हवा असतो २० ते ५० केबीच्या मधला. फोटो लहान करणं हे संगणकाचं क्षणाचं काम, पण ते आपल्या गळ्यात मारलेलं असतं. मग कुठल्यातरी अनोळखी साइटवर आपला फोटो, सही, कधी आधार कार्डसुद्धा चढवायचं आणि 'केबी कमी' करून घ्यायचे. सही १७ केबीची झाली तर तीही परत, कारण आता ती फारच लहान.

हे सगळं टाळायचं कसं, हे जगाला ठाऊक नाही असं नाही. याकोब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेली दहा तत्त्वं संगणकावरच्या गोष्टी वापरायला सोप्या कशा करायच्या, हे शिकणाऱ्या प्रत्येकाला शिकवली जातात. त्यातलं एक म्हणतं, चूक दाखवण्यापेक्षा ती होऊच नये अशी सोय करा. दुसरं म्हणतं, चूक झालीच तर काय बिघडलं आणि ते कसं सुधारायचं, हे साध्या भाषेत सांगा. माझ्यासमोरच्या अर्जावर लाल अक्षरांत एवढंच आलं : 'इनव्हॅलिड इनपुट'. कुठल्या रकान्यात, ते नाही. बऱ्याच शोधाशोधीनंतर कळलं की मोबाइल नंबरात पाच आकड्यांनंतर एक जागा मोकळी सुटली होती. ती यंत्राला दिसली, म्हणून तर त्याने अर्ज अडवला. मग दिसलेली मोकळी जागा काढून टाकायला काय हरकत होती?

नावाची तर वेगळीच तऱ्हा. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर बहुतेकांचं शेवटी. अर्ज म्हणतो, 'कागदपत्राप्रमाणे नाव लिहा'. कुठल्या कागदपत्राप्रमाणे? लग्नानंतर नाव बदललेल्या बाईने तर काय लिहावं, हे तिला कुणीच सांगत नाही.

एवढं करून कागद शोधायला कपाटापर्यंत जाऊन यावं, तर 'सेशन एक्स्पायर्ड'. भरलेलं सगळं गेलं. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत याचाही विचार आहे : वेळ संपण्याआधी सूचना द्या आणि साध्या कृतीने वेळ वाढवून घ्यायला किमान २० सेकंद द्या. वीस सेकंद! तेवढीही उसंत मिळत नाही.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांवर बसलेली माणसं बघा. आयुष्यभर घरचे, भिशीचे, बचत गटाचे हिशेब चोख ठेवलेल्या बाई तिथल्या मुलाला ओशाळून म्हणतात, "मला नाही हो कळत यातलं काही." डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये वस्तूंच्या रचनेवरच्या आपल्या पुस्तकात हेच लिहिलं होतं : वस्तू नीट चालवता आली नाही की माणसं स्वतःला दोष देतात, आणि बहुतेकदा दोष रचनेचा असतो. बाईंना सगळं कळतं. अर्जालाच बाई कळलेल्या नाहीत. आणि त्याचे पैसे मात्र त्या मोजतात : केंद्राची फी, रिक्षाभाडं, बुडालेला रोज. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख उद्यावर आलेली असेल तर मुलाचं वर्षही त्यात अडकतं.

उपाय महागडा नाही. अर्ज खुला करण्याआधी पाच जणांना बसवा, त्यांना तो भरू द्या आणि मध्ये न बोलता नुसतं बघा. मोठ्या अडचणी बहुतेक तेवढ्यातच वर येतात, हेही नील्सन यांचंच म्हणणं. त्या पाचांत एक साठीच्या पुढचा असू द्या आणि एक फक्त मोबाइलवर भरणारा.

तोवर निदान एक करा. 'सबमिट'ला खेटून, त्याच आकाराचं, त्याच निळ्या रंगाचं 'रीसेट'चं बटण ठेवलं आहे, ते काढून टाका. भरत आणलेला अख्खा अर्ज एका फटक्यात पुसायची गरज आजवर कुणाला पडली आहे?