बंब रुसतो तेव्हा

तांब्याचा बंब पेटत नसेल, तर घरातलं पहिलं निदान ठरलेलं असतं: "तुला पेटवता येत नाही." बंबाला काय झालंय, हे नंतर कुणी तरी बघतं. मे महिन्यात कोकणात आलेला पुण्याचा जावई पहाटे उत्साहानं परसदारी बसतो, रविवारची अख्खी पुरवणी नळकांड्यात कोंबतो आणि डोळे चोळत उठतो. सासूबाई एवढंच म्हणतात, "राहू द्या हो, मी बघते." त्यात सगळं आलं.

सासूबाई आधी खाली वाकतात. बंबाच्या पोटातून उभं नळकांडं गेलेलं, त्याच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख. गरम हवा नळकांड्यातून वर चढते, तशी खालून ताजी हवा आत ओढली जाते. कालची राख जाळीवर साचली की ही ओढ संपली. मग कितीही फुंका, बंब ढिम्म. त्या सळईनं जाळी खरवडतात, राख ओढून काढतात आणि निम्मं दुखणं तिथंच बरं होतं. जावयानं नळकांड्यावर झाकण म्हणून ठेवलेलं पातेलंही निमूट उचलतात.

मग सरपण. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. नीट वाळलं की ते २० टक्क्यांच्या आत येतं. ओला ढलपा सूं सूं करतो, टोकाला फेस धरतो. म्हणजे बंब आधी लाकडातलं पाणी उकळतो, आंघोळीच्या पाण्याचा नंबर मागाहून. अशा वेळी रॉकेल ओतायला सांगणारे एक काका घरोघरी असतात. रॉकेल भडकतं, संपतं. लाकूड ओलं ते ओलंच, आणि काकांच्या भुवया तेवढ्या गेलेल्या. खरं तर सुकी सोडणं आणि चार करवंट्या पुरतात.

खरा गुन्हा पाण्याचा. गरम काढलं की तेवढंच गार ओतायचं, हा बंबाचा एकमेव कायदा, आणि तो मोडणारा आजवर सापडलेला नाही. शेवटी आंघोळ कुणी केली, यावर घरात जेवढी चौकशी होते तेवढी चोरी झाली तरी होणार नाही. पाणी आहे तोवर तांबं १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. बंब कोरडा पडला की आधी सांध्यांचा डाख सुटतो: तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, डाखातल्या कथलाला २३२ पुरतात. मग पुन्हा पाणी भरलं की बंब गळतो आणि आपला विस्तव आपणच विझवतो. दुरुस्तीला पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. जावई निदान तिथं तरी उपयोगी पडतो.

धूर थांबला, निखारे लाल झाले, की सगळे निर्धास्त होतात. सावध राहायचं ते तेव्हाच. पावसाचं निमित्त करून पेटता बंब न्हाणीघरात नेऊ नका, आणि दार लावून तर मुळीच बसू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. धूर निदान खोकला लावून माणसाला बाहेर तरी काढतो. बंब परसदारीच राहू द्या.