वाट चुकविण्याचे शास्त्र

मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ विमानांसाठी बांधले जातात, हा समज प्रवाशांमध्ये अद्याप दृढ आहे आणि त्यांच्या बहुतेक हालांचे मूळ याच समजात सापडते. विमानाचे धावपट्टी, नियंत्रण मनोरा आणि इंधनाची सोय एवढ्यावर भागते. उरलेली काच, गुळगुळीत फरशी, सरकते जिने आणि अत्तरांचा दरवळ हा सारा खटाटोप प्रवाशासाठी असतो, आणि तोही त्याला विमानापर्यंत पोहोचविण्यापेक्षा वाटेत थोपवून धरण्यासाठी अधिक. एवढे ध्यानात घेतले की, ज्याला प्रवासी गोंधळ म्हणतात ती वस्तुतः एक सुविचारित व्यवस्था आहे असे दिसून येते, आणि मग तिचा अभ्यास योग्य त्या आदराने करणे भाग पडते.

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ हे या अभ्यासाचे उत्तम क्षेत्र होय. त्याला दोन टर्मिनल, म्हणजे प्रवाशांच्या ये-जा करण्याच्या दोन स्वतंत्र इमारती असून एक सांताक्रूझला आणि दुसरी सहारला आहे. दोन्हीकडची विमाने त्याच धावपट्ट्या वापरतात, प्रवाशाला मात्र एका इमारतीतून दुसरीत जायचे तर मुंबईची रहदारी वापरावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी मेट्रोने दोन्ही टर्मिनलांना एकेक स्थानक दिले आणि मध्ये सहार रोड हे आणखी एक स्थानक ठेवून त्या अंतराचा मानही राखला. परदेशचे विमान सहारहून आणि देशातले सांताक्रूझहून, हा जुन्या पिढीला पाठ असलेला नियम आता पुरता खरा राहिलेला नाही, कारण देशांतर्गत विमानेही सहारहून सुटतात. त्यामुळे कोणत्या दारी जायचे हे तिकिटावरील सर्वांत बारीक अक्षरांतला एक आकडा ठरवतो आणि तो बहुधा चुकीच्या दारी उतरल्यावर वाचला जातो.

आत शिरल्यावर वाट शोधण्याचा प्रश्न येतो. अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी ‘द इमेज ऑफ द सिटी’ या १९६० च्या ग्रंथात माणसाच्या मनातील नकाशाचे पाच घटक सांगितले आहेत: मार्ग, कडा, विभाग, चौक आणि खुणेच्या जागा. पिंपळाच्या पारावरून डावीकडे वळून, मारुतीचे देऊळ ओलांडले की पिठाच्या गिरणीसमोर, असा पत्ता सांगणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवण्याची गरज नव्हती. विमानतळावरही खुणेच्या जागांची वाण नसते, फक्त तिथे पिंपळ, मारुती आणि गिरणी प्रत्येक वळणावर पुन्हा भेटतात. कॉफीच्या दुकानापाशी भेटायचे ठरवून पांगलेले दांपत्य त्याच नावाच्या दोन दुकानांपाशी एकमेकांची निष्ठेने वाट पाहत बसते. पाट्यांचा आधार घ्यावा तर सरळ वर दाखवणारा बाण पुढे चालायला सांगतो की वरच्या मजल्यावर जायला, याचा निर्णय सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहून घ्यावा लागतो, आणि मागून येणाऱ्या ट्रॉलीला तेवढा धीर नसतो.

यानंतर सुरक्षा तपासणी येते. अटलांटिक ओलांडणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडविण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आला, आणि त्यानंतर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठ्या भांड्यातले द्रव नेण्यास जगातील बहुतेक विमानतळांवर मज्जाव झाला. या नियमामागचे कारण गंभीर आहे, परंतु त्याची फळे दुकानदारांनाही मिळाली, कारण तपासणीच्या अलीकडे टाकून दिलेली पाण्याची बाटली पलीकडे नव्या किमतीत पुन्हा भेटते. महाराष्ट्रातील कुटुंबांना विशेष धक्का बसतो तो सुक्या खोबऱ्याच्या बाबतीत. तेलाच्या अंशामुळे सुके खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला १३६३ हा स्वतंत्र क्रमांकही आहे. परदेशी निघालेल्या मुलासाठी वाटणाची तयारी करून देणाऱ्या आईला आपण स्फोटकांच्या शेजारच्या रकान्यातला जिन्नस बांधून देत आहोत याची कल्पना नसते. त्यातून ऐनवेळी वजन जास्त भरले, की काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडली जाते आणि मेतकूट, भाजणी व गोडा मसाला यांचे जाहीर प्रदर्शन मांडून त्यांपैकी कोणाला परदेशगमनाचा अधिकार आहे, यावर कुटुंबाची तातडीची सभा भरते.

तपासणी संपली की विमानतळाचा खरा गाभारा सुरू होतो. करमुक्त मालाचे, म्हणजे ड्युटी फ्रीचे पहिले विमानतळी दुकान ब्रेंडन ओरेगन यांनी १९४७ मध्ये आयर्लंडमधील शॅनन येथे थाटले, तेव्हा ते वाटेच्या कडेला होते; आता वाटच दुकानातून काढलेली असते. अत्तरे आणि मद्याच्या बाटल्या यांच्यामधून वळणे घेत जाणाऱ्या या मार्गाला पर्याय नसतो, त्यामुळे ज्याला काही घ्यायचे नाही त्यालाही सर्व काही पाहावे लागते. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये अमेरिकेत पहिले बंदिस्त उपनगरी मॉल उभारले आणि अशा जागी ग्राहक कशासाठी आला हेच विसरतो, या परिणामाला पुढे ग्रुएनचे नाव चिकटले. स्वतः ग्रुएन यांनी मात्र उतारवयात मॉलचे पितृत्व नाकारले. विमानतळाने ही विद्या आणखी पुढे नेली, कारण मॉलमधला ग्राहक कंटाळला तर घरी जाऊ शकतो, इमिग्रेशनचा शिक्का बसलेला प्रवासी तेही करू शकत नाही.

या बाजाराचे अर्थशास्त्र समजल्याशिवाय स्थापत्य समजत नाही. विमाने उतरविणे, उभी करणे आणि प्रवाशांची ये-जा सांभाळणे यांतून येणारे उत्पन्न नियामक प्राधिकरणाच्या दरांनी बांधलेले असते. दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती आणि वाहनतळ यांतून येणाऱ्या बिगर-विमान उत्पन्नाला तसे दरपत्रक नाही. मुंबई आणि दिल्लीच्या करारांनुसार या दुसऱ्या उत्पन्नातील ३० टक्के रक्कम पहिल्या प्रकारचे दर ठरवताना वजा धरली जाते. म्हणजे पंढरीच्या एखाद्या माळकऱ्याने लेकीला भेटायला लंडनला जाताना दुकानाकडे पाठ फिरवली, तरी शेजारच्या प्रवाशाने घेतलेल्या मद्याच्या बाटलीमुळे त्याच्या तिकिटातले शुल्क अंशतः हलके होते, आणि या उपकारातून त्याची सुटका नाही. उरलेला ७० टक्क्यांचा भाग कशाच्या मागे लागायचे हे इमारतीला शिकवतो.

विस्मरण पूर्ण व्हावे म्हणून शांतताही राखली जाते. प्रत्येक विमानाची घोषणा करणे अनेक विमानतळांनी बंद केले असून मुंबईचाही त्यांत समावेश आहे. कानाला हे सुखद असले तरी, आता विमान प्रवाशाला बोलावत नाही, प्रवाशानेच फलकाकडे पाहत विमानाचा माग ठेवायचा असतो. फलकावरची नजर हटविण्याचीही सोय आहे: २०१४ मध्ये उघडलेल्या सहारच्या नव्या टर्मिनलमध्ये राजीव सेठी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘जय हे’ हे सुमारे तीन किलोमीटर लांबीचे कलादालन उभे राहिले. तिथे देशभरातील कारागिरांच्या हजारो कलाकृती आहेत, आणि ज्याचे बहुतांश प्रेक्षक चाकांची बॅग ओढत धावत असतात असे हे जगातील एक दुर्मीळ संग्रहालय ठरावे.

परतीच्या प्रवासात शास्त्राचा दुसरा अध्याय उलगडतो. ह्यूस्टनच्या विमानतळावर सामान उशिरा मिळते अशा तक्रारी वाढल्या तेव्हा व्यवस्थापनाने माणसे वाढवून थांबण्याचा वेळ आठ मिनिटांवर आणला, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. मग उतरण्याचे गेट दूर नेऊन प्रवाशांना पूर्वीच्या सहापट चालायला लावले आणि तक्रारी जवळजवळ संपल्या. प्रवाशाला उभे राहणे सोसत नाही, भटकणे सोसते, हा धडा प्रशासनशास्त्रात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगा आहे. न्यूजर्सीहून नागपूरला निघालेल्या आजी-आजोबांना मुंबईत इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणे, सीमाशुल्क आणि पुन्हा सामान सोपवणे अशी प्रदक्षिणा पहाटेच्या वेळी घडते, तेव्हा त्यांना तक्रार सुचण्याइतकीही फुरसत मिळत नाही, हे या धड्याचे देशी उपयोजन मानता येईल.

हे सारे अटळ आहे असे मात्र समजू नये. ॲमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळावर बेनो विसिंग यांनी १९६७ मध्येच पाट्यांना रंगांची शिस्त लावली आणि विमानाची वाट दाखवणाऱ्या पाट्यांना पिवळा रंग देऊन त्यांना इतर सोयींच्या पाट्यांपासून वेगळे काढले. वाट सरळ दाखवण्याची विद्या सहा दशके जुनी आहे. अडचण येते ती सरळ वाटेवर काही विकले जात नाही म्हणून. तेव्हा विमानतळांच्या चालकांना नम्र विनंती अशी की, दुकाने खुशाल ठेवावीत, पण गेटकडे जाणारी एक वाट त्यांना वळसा घालून काढावी. तोपर्यंत वाचकांनी तपासणी संपताच प्रथम गेट गाठावे आणि मगच बाजार पाहावा, कारण गेट उड्डाणाच्या साधारण २० ते ३० मिनिटे आधी बंद होते. दुकाने रात्रभर उघडी असतात.