रा. रा. दरडोई उत्पन्न यांस

कृ. सा. न. वि. वि.

महाराष्ट्रावर आपली कृपा अखंड आहे. अर्थसंकल्पाच्या तोंडावर आर्थिक पाहणी अहवालात आपले दर्शन घडते आणि राज्यकर्त्यांचा ऊर भरून येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत याच राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. त्यानंतरही आपली उंची मात्र वाढतच राहिली. अभिनंदन!

बीडच्या ऊसतोड बायांच्या वतीने आपले विशेष आभार. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल त्या कोयत्याला. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा; मजुरी बुडते, वर दंड भरायचा. फडात आडोसा नाही, पाणी नाही, तरी पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या. पोटात दुखू लागले, अंगावरून जाऊ लागले, की खासगी दवाखान्यात सल्ला मिळतो: गर्भाची पिशवी काढून टाका. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहांत जवळजवळ एक.

खासगी दवाखान्यातल्या त्या शस्त्रक्रियांची बिले आपण जमेच्या बाजूला मांडून घेतलीत. केवढी ही तत्परता! बिलासाठी काढलेले कर्ज, गेलेला अवयव, ऐन उमेदीत मागे लागलेली कंबरदुखी, यांना आपल्या वहीत रकाना नाही. पहाटे कोपीपुढे चूल पेटवून ऊसतोड बाईने थापलेल्या भाकरी आपण शून्य धरता. धाब्यावरची भाकरी तेवढी आपल्याला दिसते.

आपला हिशेब मांडायची रीत ज्यांनी घडवली, त्या सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावले होते की राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचे कल्याण ताडता येत नाही. आपण ते ऐकले नाहीत. थोरांचे कान थोरच.

१९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी मानव विकास निर्देशांक आणला. एवढा ढोबळ आकडा अमर्त्य सेन यांना पटत नव्हता. हक यांचे म्हणणे असे, की आपल्याइतकाच ढोबळ, पण आपल्यासारखा आंधळा नसलेला एकच आकडा हवा. त्यात आयुर्मान आले, शिक्षण आले. कारखान्याच्या तळावर आईबापांमागे गेलेल्या पोराची बुडालेली शाळा निदान तिथे कुठेतरी उमटते. पिशवी मात्र तिथेही उमटत नाही. बाई जगली, एवढेच त्याला कळते.

तेव्हा आपल्या चरणी एकच विनंती. पुढच्या आर्थिक पाहणी अहवालात आपला आकडा छापून येईल, त्याच्या शेजारच्या रकान्यात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायांचा जिल्हावार आकडा छापू द्यावा. आणि वाचकहो, तो छापला नाही तर आपल्या आमदाराला विचारा, का नाही छापला?

कळावे.