दहापैकी सात

दादर-माटुंग्याच्या पट्ट्यात समीक्षकांची टंचाई कधीच नव्हती. यशवंत नाट्य मंदिरात मध्यंतराच्या बटाटावड्याबरोबर नाटकाचा दुसरा अंक आधीच निकालात काढणारे आहेत, षण्मुखानंदमध्ये पहिल्या आलापाला मान हलवून दुसऱ्याला घड्याळ बघणारे आहेत, आणि ‘सांबार पूर्वीचं राहिलं नाही’ हे विधान तर इथल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाने किमान एकदा केलेलं आहे. या थोर परंपरेत अलीकडे एका नव्या जातीची भर पडली आहे. व्हिडिओ गेमचा समीक्षक!

फाइव्ह गार्डन्सच्या जवळपास, आमच्याच इमारतीत, या जातीचा एक अस्सल नमुना राहतो. वय चाळिशीपार, चष्मा जाड, अंगात हाफ पँट आणि चेहऱ्यावर उच्च न्यायालय. इमारतीतली पोरं त्याला ‘रिव्ह्यूकाका’ म्हणतात. गेम खेळणाऱ्या माणसाला ‘दादा’ म्हणावं असं त्याचं मत आहे. पण पोरांनी त्याच्या गुडघ्यांचा आवाज ऐकलेला आहे.

गेम खेळणारे गल्लोगल्ली सापडतात. काका खेळत नाही, तपासतो. आपण गेम सुरू केला की राक्षसाच्या अंगावर धावून जातो. काका आधी सेटिंगमध्ये जातो आणि सावल्या, धुकं, गवताची घनता यांची अर्धा तास उलटतपासणी घेतो. मग नायकाला चालवत नेऊन एका भिंतीसमोर उभा करतो. “वीट बघ. प्रत्येक वीट वेगळी आहे की एकच वीट छापलीय?” मग पाण्यात पाय घालून तरंग बघतो. मग आरसा शोधतो. आरशात नायक दिसला नाही तर बनवणाऱ्यांनी कामचुकारपणा केला असं समजायचं. एवढ्यात मागून राक्षस येतो आणि काकाला खातो. परीक्षणात ही घटना ‘शत्रूपक्ष अपेक्षेपेक्षा आक्रमक’ अशी नोंदली जाते.

या स्वभावाचं मूळ नव्वदच्या दशकात आहे. तेव्हा घरोघरी टीव्हीला जोडायचा गेम आला होता. कॅसेट फुंकून खाचेत बसवायची आणि मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा ‘डक हंट’ असं जे लागेल ते खेळायचं. १९८४ सालच्या त्या ‘डक हंट’मध्ये नेम चुकून बदकं उडून गेली, की गवतातून एक कुत्रा वर यायचा आणि फिदीफिदी हसायचा. आम्हा सगळ्यांना त्या कुत्र्यावर गोळी झाडावीशी वाटायची. एकट्या काकाला मात्र त्यात आयुष्याचं ध्येय दिसलं. स्वतः बंदूक धरायची नाही, गवतात बसायचं, आणि दुसऱ्याचं चुकलं की वर यायचं.

पुढे ‘डिजिट’ मासिकाबरोबर सीडी येऊ लागल्या. त्यात गेमचे डेमो असायचे. पहिली लेव्हल फुकट, पुढचं हवं तर विकत घ्या. विकत घेण्याची ऐपतही नव्हती आणि घरी प्रथाही नव्हती. त्यामुळे पहिल्या लेव्हलवरून उरलेल्या सगळ्या लेव्हलींवर अभिप्राय देण्याची कला काकाने त्या काळात कमावली. आता पैसे आहेत, कन्सोल आहे, भिंतभर टीव्ही आहे, पण पद्धत तीच आहे. साठ तासांचा गेम काका पाच तास बघतो आणि बाकीचा ‘जाणतो’. कुणी हटकलंच तर तयार उत्तर असतं : “शितावरून भाताची परीक्षा!” ही म्हण गृहिणींसाठी आहे, समीक्षकांसाठी नाही, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही. शीत दाबून बघणारी गृहिणी नंतर तो भात वाढते, आणि स्वतःही जेवते.

काकाची भाषा जहाल असते. ‘दिवाळखोर कथानक’, ‘बेफिकीर दिग्दर्शन’, ‘खेळाडूचा उघड विश्वासघात’. वाचणाऱ्याला वाटावं, आता शून्यच पडणार. आणि शेवटी गुण येतात : दहापैकी सात. स्तुतिसुमनांची बरसात केली तरी सातच. अटारीचा ‘ई. टी.’ हा १९८२ सालचा गेम इतका गाजला, की न खपलेली काडतुसं न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरावी लागली आणि २०१४ साली लोकांनी ती कौतुकाने उकरून काढली. त्याला काकाने सहा दिले. का, तर “पाच आठवड्यांत करून घेतला रे बिचाऱ्याकडून. घाई झाली.” आणि १९९८ सालचा ‘झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम’, जो अनेकांच्या मते आजवरचा सर्वोत्तम गेम, त्याला आठ. “ते पाण्यातलं देऊळ फार रटाळ.” सहा ते आठ एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर काकाने जगातले सगळे गेम दाटीवाटीने बसवले आहेत.

पण हा दोष एकट्या काकाचा नाही, धंद्याचाच आहे. कागदावर पट्टी दहाची असली, तरी गेमच्या जगात सात म्हणजे ‘बरा आहे’ आणि सहा म्हणजे ‘घेऊ नका’. खालचे पाच आकडे नुसते शोभेला. बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल. माटुंग्यात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. ज्या गावात रुईयाच्या कला शाखेचा कटऑफ नव्वदीच्या घरात जातो, तिथे सत्तर टक्के मिळवलेल्या मुलाच्या घरी पेढे वाटत नाहीत. शेजारी हळूच येऊन “पुढच्या वेळी होईल” म्हणून जातात.

आणि एका गुणाची किंमत तर आणखी नीट समजते. २०१० साली ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ आला. बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीचा करार असा, की मेटाक्रिटिकवर सगळ्या परीक्षणांची सरासरी ८५ भरली तर बोनस. सरासरी भरली ८४. बोनस गेला. ही कथा काका सांगतो तेव्हा तळमजल्यावरच्या, मुलाची इंजिनीअरिंगची जागा एका गुणाने हुकलेल्या जोशीकाकू डोळ्यांना पदर लावतात. “आणि त्या गेमला तू किती दिले होतेस?” मी एकदा विचारलं. काकाने विषय बदलला.

गेमचा प्रकार बदलला की काकाचे निकषही बदलतात, आणि ते त्याच्या आयुष्यातून आलेले असतात. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त खपून केलेला, २०१६ चा. त्यात आजोबांचं शेत वारशाने मिळतं आणि रोज सकाळी सहाला उठून पाणी घालायचं असतं. देवगडच्या घरच्या बागेकडे कित्येक वर्षं न फिरकलेला काका तिथे झारी घेऊन नियमाने हजर असायचा. परीक्षणात मात्र लिहिलं : ‘वारसाहक्काचे चित्रण अवास्तव. एकही चुलतभाऊ नाही. सातबाऱ्यावर कुणाचंही नाव चढवायचं राहिलेलं नाही.’ सात.

फुटबॉलच्या गेमचं तर विचारूच नका. ‘फिफा’ दरवर्षी नवा येतो आणि नवं म्हणजे खेळाडूंच्या केशरचना. २०२३ साली नावही बदललं, ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झालं. गेम होता तोच राहिला. काका गेली कित्येक वर्षं त्याचं एकच परीक्षण साल बदलून वापरतो. “ते तोच गेम विकतात, मी तेच परीक्षण देतो. यात कुणी कुणाला फसवलं?” या प्रश्नाला उत्तर नाही.

२०१९ च्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये नायक पाठीवर खोक्यांची चळत घेऊन डोंगरदऱ्यांतून पार्सलं पोचवतो. जगभरच्या समीक्षकांनी त्यात माणसांचं एकटेपण आणि नात्यांची गुंफण शोधली. काकाचा शेरा : ‘विरार फास्टमध्ये डोक्यावर पाटी घेऊन चढायची लेव्हल हवी होती.’

आपल्या मुलखाचा संबंध आला की काका विशेष कडक होतो. २०१८ च्या ‘हिटमॅन २’मध्ये मुंबई आहे. टकलू गोरा मारेकरी, डोक्याच्या मागे बारकोड, वस्तीत मोकाट हिंडतो. न्हाव्याच्या वेषात जाऊन त्याला सावजाची दाढीही करायला बसता येतं. काका खवळला. “बारकोडवाला माणूस गल्लीत शिरतो आणि नाक्यावरचं एक पोर ‘कुणाकडे आलात’ विचारत नाही? ही मुंबई?” ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ तर सह्याद्रीत घडतो. गणपतीच्या सुळ्याच्या शोधात दोन बायका जीप घेऊन पश्चिम घाटात फिरतात. धबधबे, दऱ्या, होयसळांची देवळं, सगळं देखणं. शेरा : ‘अख्ख्या घाटात पिठलं-भाकरीची एक पाटी नाही. अभ्यास कमी पडला.’

आणि पुणे! ‘राजी’ हा नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा गेम पुण्यात झाला. असुरांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, कथा सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी नामांकनही मिळालं. चित्रं अप्रतिम, मारामारी जराशी जड, शेवट तुटक, असं पुष्कळांचं मत पडलं. काकाची तक्रार वेगळीच होती : “पुण्यात केलेल्या गेममध्ये खेळणाऱ्याचा एकदाही अपमान होत नाही, म्हणजे काय!” त्याच्या मते खरा पुणेरी गेम ‘डार्क सोल्स’. पावलोपावली मारतो, काही समजावून सांगत नाही, आणि वर पडदाभर अक्षरांत ‘तुम्ही मेलात’ असं कळवतो. तो जपान्यांनी केला हे काकाला आजही पटत नाही.

जपानवरून आठवलं. तिथल्या ‘फामित्सू’ मासिकात एका गेमला चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम तो मघाचा ‘ऑकारिना’. या पद्धतीने काका भारावून गेला आणि त्याने घरातच चौघांचं मंडळ नेमलं. तो स्वतः, कॉलेजात जाणारा भाचा, वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामी आणि त्याची आई. पहिला खटला होता २०२३ चा ‘वेंबा’. कॅनडात गेलेलं एक तमिळ कुटुंब, आईचं डाग पडलेलं पाककृतीचं पुस्तक, आणि त्यातल्या पुसलेल्या ओळी ताडून करायचे पदार्थ. सुरुवातच इडलीने.

इडली म्हटल्यावर माटुंग्याचं रक्त उसळलं. काकाने इडलीपात्रात थाळ्या रचल्या, चुकल्या, पुन्हा रचल्या. मामींना राहवेना. “पीठ आंबलं का ते कुठे बघितलंस? नुसता बटण दाबतोस! कॅफे मद्रासच्या बाहेर उभं राहायची पण लायकी नाय तुझी.” भाचा कंटाळून म्हणाला, “मामा, दीड तासात संपतो हा. एवढ्या पैशांत?” पण पुढे कॅनडात वाढलेला मुलगा आईच्या डब्याला आणि तिच्या तमिळला लाजू लागला, तेव्हा मामी बोलायच्या थांबल्या. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, “दहा लिही. इडलीचे नाय. त्या बाईचे.”

भाच्याने पाच दिले. काकाने अर्थातच सात : ‘कालावधी अपुरा.’ मामींनी त्यानंतर कित्येक दिवस रसम खाली पाठवलं नाही.

चौथं मत आईचं. त्या ‘वेंबा’ चालू असताना कोपऱ्यात बसून स्वतःच्या फोनवर ‘कँडी क्रश’ खेळत होत्या. हा २०१२ चा गेम. एका वेळी पाच जीव मिळतात. एक गेला की तो परत यायला अर्धा तास. आईंचा सगळा दिवस या हिशोबावर चालतो. “माझे पाचही जीव गेले गं!” अशी हाक जिन्यात ऐकू आली की नवे भाडेकरू धावत येतात, जुने आपलं काम करत राहतात. त्या घरात गेम शेवटपर्यंत खेळणाऱ्या त्या एकट्याच आहेत. गेमला शेवट नाही ही त्यांची चूक नव्हे.

“आई, तू तुझ्याच गेमचं परीक्षण कर,” काका जरा वरच्या पट्टीतच म्हणाला.

आईंनी फोनवरून नजर न काढता सांगितलं, “सुरुवातीला लाडाने खेळवतो. सवय लागली की मुद्दाम अडवतो. अडलं की पैसे मागतो. मी देत नाही, अर्धा तास थांबते. तेवढ्यात पोळ्या होतात.”

आम्ही सगळे गप्प झालो. रचना, हेतू, व्यवहार आणि त्यावरचा उतारा, सगळं पाच वाक्यांत, आणि भिंतीच्या विटेचा उल्लेखही नाही. भाच्याने काकाकडे अशा नजरेने पाहिलं, की मला तो गवतातला कुत्रा आठवला.

काका सावरला, वही उघडली. “छान. आता गुण?”

“गुण कशाला? आवडला नसता तर खेळले असते का?”

“तसं चालत नाही आई. आकडा लागतो. मी सात लिहू?”

आईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “सात तर तुला मी दहावीपर्यंत दर प्रगतिपुस्तकात पाहिले,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तू म्हणायचास, पेपर नीट तपासत नाहीत.”