भोकर, लसूण आणि महामार्ग ५३

आमच्या नात्यागोत्यात दोन पक्ष आहेत. एक अकोल्याचं लोणचं खाणारा, दुसरा अमरावतीचं. मी दोन्ही खातो, त्यामुळे दोन्हीकडे माझ्याकडे फितूर म्हणूनच पाहतात.

पुरुषाला माहेर असतं असं धरून चालू. माझं माहेर अकोला आणि सासर अमरावती. नोकरी पुण्यात असल्यामुळे दरवर्षी जूनमध्ये गाडी काढून दोन्हीकडची लोणची आणायची, हे माझ्या संसारातलं एकमेव खातं बिनविरोध माझ्याकडे आलं आहे. दोन गावांमध्ये शंभरेक किलोमीटरचा रस्ता, महामार्ग ५३. याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबराचा थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं. त्याआधीचा विक्रम कतारचा होता. मी आईला मोठ्या उत्साहाने फोनवर बातमी सांगितली. ती म्हणाली, “साडेचार दिवसात सडक होते, बाप्पा. लोणचं नाई होत.”

आईच्या लोणच्यात भोकरं असतात, मेथी असते, लसूण नसतो. सासूबाईंच्या लोणच्यात अख्ख्या लसणाच्या पाकळ्या असतात, गुळाचा खडा असतो, भोकर नसतं. बाकी कैरी तीच, मोहरीची डाळ तीच, हळद, हिंग, तिखट तेच आणि फल्लीचं तेलही तेच. (पुण्यात पहिल्यांदा दुकानात फल्लीचं तेल मागितलं तेव्हा दुकानदाराने मला नम्रपणे मेडिकलचा रस्ता दाखवला होता. शेंगदाण्याला फल्ली म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि फल्लीला शेंगदाणा म्हणतात हे मला आठवत नव्हतं.) म्हणजे शंभरातल्या नव्वद गोष्टींवर दोन्ही घरांचं एकमत. पण भांडण नेहमी उरलेल्या दहांवर होतं. त्यातून आईचा सिद्धांत असा की लसूण टाकला की ते लोणचं राहत नाही, भाजी होते. सासूबाई कधीच वाईट बोलत नाहीत. त्या फक्त विचारतात, “जावईबापू, तुमच्याकडच्या लोणच्यात ते चिकट चिकट काय असते?”

ते चिकट चिकट म्हणजे भोकर. ज्याने भोकर साफ केलं नाही त्याने चिकटपणा पाहिलाच नाही. बोराएवढं हिरवं फळ. बत्त्याने हलकेच ठेचायचं, बोटं मिठात बुडवायची आणि आतली बी काढायची. मीठ विसरलात की बोटं एकमेकांना जन्मभराचं वचन देतात. लहानपणी आम्ही भोकराच्या चिकाने पतंग चिकटवायचो, वह्या चिकटवायचो. एकदा बाबांचं विजेचं बिल त्यांच्याच पासबुकाला इतकं पक्कं बसलं की दोन्ही एकत्रच बँकेत न्यावी लागली. बी काढलेली भोकरं मिठाहळदीत निथळली की चिकटपणा उतरतो. मग ती मसाल्यासकट फोडींत जातात आणि महिन्याभराने दाताखाली अशी येतात की ती सगळी झटापट माणूस विसरतो.

लोणच्याचा हंगाम नवतपात सुरू होतो. मेअखेरीस रोहिणी लागली की ते नऊ दिवस सूर्य वऱ्हाडावर जणू वैयक्तिक राग काढतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत अकोल्याचं नाव वर आलं, की अकोलेकर हाशहुश करत एकमेकांना तो आकडा असा सांगतात जसा मुलाचा बारावीचा निकाल. त्या उन्हात आई जनता भाजी बाजारात जाते. कैरी दाबून बघते, नखाने टोचते आणि विकणाऱ्याला विचारते, “कोय धरली का?” कोय धरलेली असली तरच फोडीला पाठीशी कवच राहतं, नाहीतर मुरता मुरता तिचा गाळ होतो. शेजारीच फळीवर बसवलेला हातभर अडकित्ता घेऊन एकजण किलोवर पैसे घेऊन कैऱ्या फोडून देत असतो. खाट, खाट, खाट. आई त्याच्यासमोर उभी राहते आणि प्रत्येक कैरीला सूचना देते. तो बिचारा मान खाली घालून फोडत राहतो. दरवर्षी हिशेबाच्या वेळी पाच रुपये कमी घेतो, बहुधा लवकर जावी म्हणून.

एका वर्षी मी ठरवलं, ही पाककृती लिहून काढायची. घरात कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाने वाटी आणि चमचा हातात देऊन पिढ्यान्‌पिढ्यांच्या नवशिक्यांना वाचवलं. आपल्या घराचंही तसंच काही करावं म्हणून मी पुण्याहून वजनकाटा घेऊन गेलो.

“आई, मीठ किती?”

“लागन तेवढं.”

“लागेल तेवढं म्हणजे?”

“कमी पडलं का समजते.”

“कसं समजतं?”

“खराब झालं का.”

म्हणजे प्रयोगाचा निकाल एक वर्षाने. शेवटी मी चोरून मिठाची बरणी आधी आणि नंतर तोलली. पाच किलो फोडींना आठशे ऐंशी ग्रॅम. आमच्या शेजारी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, हेच तर आम्ही सांगतो. मी विजयी मुद्रेने ही बातमी घरात आणली, की आई, तुझा अंदाज विद्यापीठाशी जुळतो! आई म्हणाली, “विद्यापीठाचा माह्याशी जुयते.” कालगणनेच्या दृष्टीने तिचं बरोबर होतं. विद्यापीठ १९६९ चं आणि आमची चिनी मातीची बरणी आजीच्या लग्नातली, त्याच्याही आधीची.

त्या बरणीचा थाट वेगळाच. आधी ती धुऊन दोन दिवस उन्हात तापते. मग निखाऱ्यावर हिंगाची चिमूट टाकून तिच्यावर बरणी पालथी घालतात, म्हणजे आत धुरी कोंडते. फोडी भरल्या, तेल कडकडीत तापवून पूर्ण थंड करून वर ओतलं, फोडी बुडाल्या की झाकण आणि झाकणावर पांढऱ्या धुवट कापडाचा दादरा. आईच्या दादऱ्याची गाठ फक्त आईला सुटते. तिजोरीवर कुलूप असावं तशी ती गाठ. चोरून फोड खाणाऱ्यांनी या घरात गाठीचं शास्त्र नावाची एक विद्या विकसित केली आहे, पण ती अजून अपूर्णावस्थेत आहे.

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिने तिथून व्हिडिओ कॉलवर काचेच्या बरण्या दाखवल्या. तिथे लोक भाज्यांची लोणची अशा बरण्यांत भरून झाकणासकट उकळत्या पाण्यात ठेवतात. या स्क्रूच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट जॉन मेसन नावाच्या गृहस्थाने १८५८ साली घेतलं. त्याच्याही आधी, नेपोलियनच्या काळात, निकोला अपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न बाटलीत बंद करून उकळायची युक्ती काढली आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले. गंमत म्हणजे हे अन्न का टिकतं, हे अपेरला सांगता येत नव्हतं. जंतूंचं कारण पाश्चरने समजावून द्यायला आणखी अर्धं शतक गेलं. मला अपेर एकदम घरातला वाटला. टिकतं एवढं ठाऊक, का टिकतं ते विचारू नका. बहिणीने आग्रह केला, आई, तूही बरण्या उकळून बघ. आई म्हणाली, “लोणचं हाय का बायाची दुधाची शिशी, उकयाले? अन् आंगनात बरनी ठेव, उकयतेच.”

एवढं सगळं करूनही कधी कधी बरणीत बुरशी यायचीच. आणि बुरशी आली की आमच्या घरात चौकशी आयोग बसायचा. आजी अध्यक्ष. आरोप ठरलेले, ओला चमचा कोणी घातला? आणि आवाज खाली आणून, बाजूला बसायच्या दिवसांत बरणीला हात कोणी लावला? आरोपी नेहमी बाईच. आई, काकू, आत्या पाळीपाळीने उभ्या राहायच्या. मग एका जुलैत घरातल्या झाडून सगळ्या बायका मूर्तिजापूरला लग्नाला गेल्या. घरी बाबा आणि मी. आठ दिवस आम्ही दोघं वरण, भात आणि लोणच्यावर जगलो. बायका परत आल्या, आजीने दादरा सोडला आणि बरणीच्या तोंडाशी पांढरी मखमल. आयोग बसला. आजीने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “यंदा हवाच खराब हाय.” पुढच्या वर्षीपासून बाजूला बसायच्या दिवसांचा आरोप आपोआप मागे घेतला गेला. निकालपत्र मात्र कधी वाचलं गेलं नाही. खरा आरोपी मला तेव्हाही ठाऊक होता, कारण भाताचा ओला चमचा माझ्याच हातात होता. बरणीला शिवाशिव कळत नाही, पाणी कळतं. मीठ कमी, तेलाच्या वर डोकावणारी फोड किंवा पाण्याचा थेंब, एवढंच बुरशीला पुरतं.

आता मुख्य घटना. दोन वर्षांपूर्वी आईने लोणचं दिलं आणि म्हणाली, “अमरावतीले घेऊन जाय. विहीनबाईले चव देजो. म्हनजे त्याईले समजन. अन् बरनी वापस आन.” म्हणजे लोणचं प्रदर्शनाला निघालं होतं. अमरावतीला सासूबाईंनी फोड चाखली, “छान आहे हो,” म्हणाल्या आणि आमच्या हातात त्यांची बरणी ठेवली, त्यांच्या मते उत्तरादाखल. परतीच्या वाटेवर डिकीत शेजारी शेजारी दोन बरण्या, दोघींच्या तोंडाला दादरे. विक्रमी रस्ता लोण्यासारखा. गाडी पळत होती आणि बायको म्हणत होती, हळू चालवा. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका बकरीला महामार्ग ओलांडावासा वाटला.

बकरी वाचली. डिकी उघडली तेव्हा दोन्ही बरण्या कुशीवर झोपलेल्या, काच शाबूत, तेल मात्र कार्पेटवर. निम्मं निम्मं लोणचं दोन्हींत उरलेलं, पण फोडी उघड्या पडलेल्या. तेलाविना पुण्यापर्यंत टिकणार नाहीत हे बायकोने एका नजरेत ओळखलं. मूर्तिजापूरच्या बाजारातून एक नवी कोरडी बरणी आणि एक किलो फल्लीचं तेल घेतलं, चहावाल्याच्या शेगडीवर तेल तापवलं, गार केलं आणि दोन्ही लोणची एकाच बरणीत ओतली. चहावाल्याने विचारलं, “कोणतं लोणचं हाय?” आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. असे प्रश्न कोर्टात विचारतात.

अकोल्याला मुक्काम होता. आईने आधी माझ्याकडे आणि मग बरणीकडे पाहिलं. “हे माही बरनी नाई.” मी म्हणालो, तेल सांडलं, नवीन घेतली. तेवढं खरंच होतं. तिने दादरा सोडला, एक फोड काढली, चाखली आणि डोळे मिटले. “यंदा जमलं,” म्हणाली, “लय बराबर जमलं.” बायकोने माझा पाय दाबला. आईने दुसरी फोड घेतली. या वेळी फोडीबरोबर एक लांबट, पिवळसर, मऊ वस्तू आली. आई चावली, थांबली आणि पुन्हा चावली. मी आढ्याकडे पाहत होतो. तिने काही विचारलं नाही. पदराला बोटं पुसली, दादरा बांधला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला रवाना केलं. गाडीला पुढे वर्षभर हिंगाचा वास येत होता, त्यामुळे ती विकताही आली नाही.

या जूनमध्ये पुन्हा गेलो. आई ताटात वाढत होती. पहिल्या घासाला फोड, दुसऱ्याला भोकर आणि तिसऱ्याला दाताखाली एक लांबट, पिवळसर, मऊ वस्तू.

“आई,” मी म्हणालो, “हा लसूण आहे.”

“भोकर हाय थे.”

“भोकर गोल असतं. आत बी असते.”

“बी काढली.” तिने ताटात आणखी एक वाढलं. “खाय गुमान. अन् अमरावतीले गेला का सांगजो, आमच्यात लसन नसते.”