एकोणचाळीस करंडकांचा अनुशेष

विदर्भाच्या रणजी संघाची सूत्रं फैज फजलकडून अक्षय वाडकरकडे आली, तेव्हा नागपुरात तर्री-पोह्यांच्या ठेल्याठेल्यावर निवड समितीची तातडीची बैठक भरली. मानधन नाही, भत्ता नाही, तरी गणसंख्या पूर्ण. विषय एकच: "पोट्टा बरा आहे, पण टीममधी कोन हाये ना बाप्पा?"

पोट्टा म्हणजे ज्याने २०१७-१८च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध १३३ धावा काढल्या तो यष्टिरक्षक. आणि टीम म्हणजे फजलने लागोपाठ दोनदा विजेती करून दाखवलेली, गुजरातला ७३ धावांचं लक्ष्य देऊन ५४ वर गुंडाळणारी. पण १९५७-५८ पासून साठेक वर्षं हरायची सवय झालेला माणूस जिंकायला लागला, की त्याला आधी संशय येतो. यात काही तरी घोळ आहे!

आमचा स्वभावच अनुशेष मोजण्यात घडला. सिंचनाचा मोजला, रस्त्यांचा मोजला, दांडेकर समितीला मोजू दिला. मुंबईचे रणजी करंडक ४२, आमचे ३. म्हणजे ३९चा अनुशेष अजून बाकी आहेच. तरी जो काही भरून निघाला, तो एकही समिती न नेमता निघाला, हेच खटकतं.

त्यातून या संघाने स्थलांतराचं गणितही उलटं केलं. नागपूरचा इंजिनिअर हिंजवडीला जातो, हे आम्ही समजू शकतो. पण मुंबईचा वसीम जाफर, कर्नाटकाचा करुण नायर, दिल्लीचा ध्रुव शोरी कामधंद्यासाठी नागपूरला आले! मिहानला जे जमलं नाही ते जामठ्याच्या खेळपट्टीने केलं. यावर ठेल्यावरची टीका अशी, की "बाहेरच्याईच्या भरोशावर काय जिंकता?" हीच मंडळी तोवर "बाहेरचं कोनी येतच नाही इकडे" म्हणून रडत होती.

घरच्यांचं काय? २०२४-२५मध्ये हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडला, यश राठोडने ९६० धावा केल्या, दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३. समितीच्या कागदावर यांतलं एकही नाव नव्हतं.

त्या अंतिम सामन्यात तर कोण कुणाचा हेच कळेना. आपला आदित्य सरवटे केरळकडून आपल्याचविरुद्ध ७९ धावा ठोकत होता आणि दुसऱ्या डावात आपल्याकडून १३५ काढत होता तो करुण नायर. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर वाडकरने करंडक उचलला. एक ज्येष्ठ सदस्य लगेच म्हणाले, "पन हरवलं कुठं जी? ड्रॉ झाली मॅच." वर्षभरापूर्वी वानखेडेवर ५३८ धावांचा पाठलाग करताना याच वाडकरने शतक ठोकलं होतं, तेव्हा यांचंच म्हणणं होतं, "शतक काय चाटायचं हाये, मॅच तर हरली."

आता नायर कर्नाटकात परतला, जितेश शर्मा बडोद्याला गेला. समितीत एकदम उत्साह आहे. ओळखीचं दुःख मिळालं. यावर हिवाळी अधिवेशनात लक्षवेधी लागावी अशी आमची मागणी. फक्त दुसऱ्या आठवड्यात नको, तोवर अर्धं सभागृह विमानतळावर असतं.