शिक्का सहीचा असतो, मालकीचा नाही

‘गुंठा नोटरीवर घेतलाय’ असे सांगणारी माणसे पुण्याच्या, नाशिकच्या, छत्रपती संभाजीनगरच्या कडेला वाढलेल्या कोणत्याही वस्तीत भेटतात. कपाटात जपून ठेवलेला स्टॅम्प पेपर असतो. त्यावर तिकिटे, गोल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या. पैसे देऊन झालेले, घरही उभे राहिलेले. सातबाऱ्यावर नाव तेवढे लागलेले नसते, आणि त्या कागदाच्या बळावर ते लागणारही नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ स्पष्ट आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन-घर विकायचे तर नोंदणीकृत दस्तानेच. ही नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, नोटरीकडे होत नाही. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत हातात देऊन जमिनी विकण्याची चाल देशभर पसरली, तेव्हा २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले, की अशा कागदांनी मालकी बदलत नाही. त्यालाही आता बरीच वर्षे झाली. धंदा थांबलेला नाही.

थांबत नाही याचे कारण तुकडेबंदीत आहे. १९४७ च्या कायद्याने शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडून विकण्यावर बंधन घातले. पुढे त्यात सवलती आल्या, २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. तरी निबंधकाने दस्त नाकारला, की विकणारा गिऱ्हाइकाला म्हणतो, ‘काळजी करू नका, नोटरी करून देतो.’ निबंधकाचा नकार हीच खरी धोक्याची घंटा असते आणि नेमकी तीच त्या गोल शिक्क्याखाली दाबली जाते. घेणारा मूर्ख नसतो. सरकारने नेमलेल्या माणसाचा शिक्का पाहून तो विश्वास टाकतो, म्हणून त्याची फसवणूक जास्त संतापजनक आहे.

नोटरीचे काम हलके नाही. १९५२ च्या नोटरी कायद्याप्रमाणे तो दस्तावरची सही साक्षांकित करतो, शपथ देतो, प्रतिज्ञापत्र घेतो, भाषांतर पडताळून प्रमाणित करतो, न वटलेल्या हुंडीची रीतसर नोंदही करू शकतो. वकिलाला नोटरी व्हायचे तर साधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. महिला आणि मागास प्रवर्गांतल्या वकिलांना सात. नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. हा माणूस माझ्यासमोर आला, मी त्याची ओळख पटवली, त्याने माझ्यादेखत सही केली, एवढे तो शिक्का सांगतो. जमीन विकणाऱ्याचीच आहे का, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, प्रतिज्ञापत्रातला मजकूर खरा आहे का, याची हमी त्यात नाही. खोटे लिहून शपथ घेतली तर नोटरीनंतरही ते खोटेच राहते.

भाडेकराराचेही असेच. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ हे एजंटाचे वाक्य महाराष्ट्रात चुकीचे आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्ससुद्धा लेखी आणि नोंदणीकृत हवे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ही नोंदणी घरबसल्या, अंगठा लावून होते. तरी थोडे पैसे वाचवायला मालक नोटरी गाठतात.

मृत्युपत्राला नोटरी लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. ते नसतील तर शिक्का त्यांची जागा घेत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार लग्नाचा आणि काडीमोडीचा. स्टॅम्प पेपरवर ‘आम्ही राजीखुशीने विभक्त होत आहोत’ लिहून शिक्का घेतला, की घटस्फोट झाला असे मुलीला सांगितले जाते. हिंदू विवाह कायद्यात, एखाद्या समाजाची रूढी सिद्ध झाल्याचा अपवाद सोडला तर, घटस्फोट न्यायालयच देते. त्या कागदावर भरवसा ठेवून दुसरे लग्न केलेल्या बाईला कायद्याने पत्नीचा दर्जा मिळत नाही, आणि पोटगीसाठी तिला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी खात्याने नोटरींना लेखी बजावले, की लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त साक्षांकित करू नका, तुम्ही विवाह अधिकारी नाही. हे बजावावे लागले, यातच सगळे आले.

म्हणून प्रश्न शिक्का मारणाऱ्यांनाच विचारायचा आहे. समोरचा दस्त जमिनीच्या विक्रीचा आहे आणि तो इथे चालत नाही, हे दहा वर्षे वकिली केलेल्या माणसाला कळत नाही का? मग तो नाही का म्हणत नाही? एजंटाने गठ्ठा आणायचा, सही करणारा हजरच नसायचा, आणि तरी ‘माझ्यासमोर’ असे लिहून शिक्का उमटवायचा, हा उघड उघड खोटा दाखला आहे. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या नोटरींनी याविरुद्ध सगळ्यांत आधी ओरडायला हवे, कारण पत त्यांची जाते.

गैरवर्तन सिद्ध झाले तर सरकार नोटरीचे नाव यादीतून काढू शकते. पण नोटरी कायद्याचे कलम १३ असे, की नोटरीने कामकाजात केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायची तर सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. प्लॉट गमावलेल्या माणसाने आधी त्या अधिकाऱ्याला पटवायचे. कामाच्या संरक्षणासाठी केलेली ही तरतूद बेफिकिरीला ढाल होता कामा नये. नोटरीची प्रत्येक नोंद तारीख, क्रमांक आणि सही करणाऱ्याच्या फोटोसकट ऑनलाइन चढवणे सक्तीचे करा, आणि गुंठा घेणाऱ्याला पैसे मोजण्याआधी ती मोबाइलवर पाहता येऊ द्या. विक्रीचा दस्त दिसताच त्यावर ‘याने मालकी मिळत नाही’ असे मराठीत ठळक छापणेही नोटरीवर बंधनकारक करा.